कानबाई गैरहजर

मी मूळची हिंगोलीकडची. आमच्याकडं कानबाई नाही. आमचे हे, पांडुरंग, सुरतेला लूमवर लागले आणि आम्ही नवागामात खोली घेतली, तेव्हा आजूबाजूला सगळी खानदेशी घरं. पहिल्याच श्रावणात शेजारची ताराबाई दाराला केळीचे खांब बांधताना दिसली. मी विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?"

"लगीन नई व, कानबाई येई राहिनी," ती म्हणाली.

मला वाटलं, तिची नणंद असेल. मी दोन दिवस वाट बघितली, कोण पाहुणी येते म्हणून. रविवारी तिच्या घरात गेले तर पाटावर एक नारळ, त्याला डोळे, कुंकू, नाकात ही एवढी नथ, अंगावर हिरवं लुगडं, आणि सगळ्या बायका तिच्यासमोर बसून अहिराणीत गाणी म्हणताहेत. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन पाण्यात सोडतात. तेवढ्यासाठी वर्षभर जीव टांगलेला. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढं त्या साहेबांचं जे झालं, त्यात मला त्यांचा फार राग नाही आला. माझीही तीच गत झाली होती.

गावाकडं म्हणे या बायका सोमवारी अख्ख्या गल्लीनं नदीवर जायच्या. सुरतेत तसं नव्हतं. कुणी खाडीच्या काठाला जाऊन कशीबशी सोडून यायची, कुणी घरातल्या टपातच. खाडीचं पाणी कसलं, गिरण्यांच्या रंगाचं. एके वर्षी ताराबाई खाडीवरून आली तेव्हा साडीच्या काठाला निळा रंग लागलेला. मला म्हणाली, "मंदा, ज्या पाण्यात मी पाय घालत नाही, त्यात तिला कशी सोडू?"

सत्त्याण्णव साली तिनं ठरवलं की आता सगळ्यांनी मिळून तापीवर जायचं. बँड लावून, रस्त्यानं, चालत. गल्लीतल्या बायका एका पायावर तयार. ताराबाई साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायची आणि आम्हा आठदहा जणींना वाटून द्यायची, त्यामुळं तिचा शब्द चालायचा. उषाबाई आमच्यातली सगळ्यात मोठी, तिला सगळी गाणी पाठ. तीही म्हणाली, "मी चालसू. मरस का जगस, पन तापीवर जासू."

मिरवणूक म्हटल्यावर परवानगी घेणं आलं. ती पोलिसांकडून मिळायची. ताराबाईनं बाजारातल्या एका टाइप करणाऱ्याकडून गुजरातीत अर्ज करून घेतला. त्यानं वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'श्री कानबाई उत्सव', खाली ताराबाईचं नाव आणि पत्ता. अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, झालं.

काही दिवसांनी चौकीतून निरोप आला, चौकशीला या. ताराबाई, उषाबाई आणि मी गेलो. बाकावर बसलो. खूप वेळानं आतून एक हवालदार कागद घेऊन बाहेर आला आणि त्यानं खड्या आवाजात पुकारा केला, "कानबाई कोण छे? कानबाई हाजर छे?"

आता काय सांगू, आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं आणि जे हसू फुटलं ते फुटलंच. ताराबाईनं तोंडात पदर कोंबला. मला तर ठसका लागला. हवालदार बिचारा आमच्याकडं बघतच राहिला. उषाबाईनं डोळे पुसले आणि आपल्या हिंदीत त्याला सांगितलं, "साहेब, वो अभी आई नहीं. रविवार को आएगी."

"रविवारे शुं काम? आजे बोलावी हती ने!"

"आज कैसे आएगी? सावन में एक ही बार आती है."

त्याला वाटलं, आम्ही त्याची थट्टा करतोय. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, जा. आम्हाला वाटलं, काम झालं. येताना आम्ही बाजारातून बांगड्यासुद्धा घेतल्या.

पुढच्या आठवड्यात हुकूम आला. गुजरातीत होता. ताराबाईच्या धाकट्या मुलीनं, शीतलनं, तो दारात उभं राहून वाचला. तिला गुजराती मराठीइतकीच येते. ती म्हणाली, "आई, लिहिलंय की अर्जदार कानबाई यांना चौकशीसाठी बोलावूनही त्या स्वतः हजर राहिल्या नाहीत. म्हणून अर्ज नामंजूर."

पहिल्यांदा गल्लीत हशा झाला. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की हसण्यासारखं काही उरलेलं नाही. कानबाई आठ दिवसांवर आली होती.

ताराबाई परत गेली. मी बरोबर होते. परवानगी देणारे जे वरचे साहेब, पाठकसाहेब, त्यांच्या कचेरीच्या दारातच आम्हाला थांबवलं. साहेब कामात आहेत. हुकूम झाला, आता काही होणार नाही. ताराबाई म्हणाली, "अहो, कानबाई म्हणजे देवी आहे, बाई नाही." दारावरचा शिपाई म्हणाला, "ते अर्जात लिहायचं होतं." पाठकसाहेब आमच्या समोरूनच गाडीत बसून गेले. उंच, गोरे, कपाळावर आठ्या. ताराबाईनं हात जोडले, पण त्यांचं लक्ष हातातल्या फायलीत.

रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा बळीराम जेवता जेवता म्हणाला, "तुम्ही चौकीत जाऊन दात काढले, त्याचं हे फळ. आता गप टपात सोडा."

"नाही सोडणार."

"मग काय करशील?"

"कोर्टात जाईन," ताराबाई म्हणाली. मला नंतर तिनं सांगितलं की तोंडातून शब्द निघाला तेव्हा तिला स्वतःलाच माहीत नव्हतं कोर्ट कुठं आहे ते.

बळीरामचा घास हातातच राहिला. "पोलिसांवर केस? तुले याड लागनं का?"

लोकांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, नगरसेवकाला भेटा, तो एक फोन करेल. ताराबाईला ते पटेना. ती म्हणायची, "त्यानं फोन केला तर परवानगी त्याची होईल. मग मिरवणुकीच्या पुढं तोच चालेल हार घालून. आणि मला विचाराल तर ते परवानगी देवोत न देवोत, पण कारण तर धड सांगा! नारळ चौकीत आला नाही, हे काय कारण झालं?"

नवागामच्या मराठी शाळेत मंगलाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. पुण्याकडच्या, नवरा बँकेत, राहायला नानपुऱ्यात. शीतलच्या वर्गाच्या त्या. त्यांची मुलगी प्राजक्ता नुकतीच वकील झाली होती, एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली शिकत होती. शीतलनं शाळेत हकीकत सांगितली, मंगलाबाई हसून हसून लाल झाल्या, आणि संध्याकाळी प्राजक्ता स्कूटी घेऊन थेट आमच्या गल्लीत हजर. बारीकशी, चष्मा लावलेली, पायात चिखलानं भरलेले सँडल. शीतलची ताई शोभेल इतकीच दिसत होती. बळीराम माझ्या नवऱ्याच्या कानात पुटपुटला, "ही वकील?"

ती खाटेवर बसली. हुकूम दोनदा वाचला. हसली नाही. मग म्हणाली, "ताराबाई, तुम्हाला कुणी विचारलं का, तुमचं म्हणणं काय आहे?"

"नाही."

"मिरवणूक कुठून जाणार, किती माणसं, किती वाजता?"

"काहीच नाही. फक्त कानबाई कोण, एवढंच."

"मग हा हुकूम टिकायचा नाही," प्राजक्ता म्हणाली आणि मग पहिल्यांदा तिला हसू आलं. "माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध ठरवता येत नाही. साहेब असला तरी."

तिनं सगळं नीट समजावलं. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर आधी नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. पण घाई असेल तर न्यायाधीश तसाच दावा घ्यायची परवानगी देऊ शकतात.

ताराबाई म्हणाली, "म्हणजे परवानगीसाठी भांडायलाही परवानगी?"

"हो ना," प्राजक्ता म्हणाली. "आता दावा कुणाच्या नावानं लावायचा?"

उषाबाई लगेच म्हणाली, "कानबाईनाच नावनं लाव! साहेबले तीच पाहिजे ना?"

प्राजक्तानं सांगितलं की ते काही अगदीच वेडगळ नाही. देवाच्या नावानं दावे चालतात, कायदा देवाला माणूस धरतो. पण कानबाईची अजून स्थापनाच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, देवी आता कुठं आहे, तर सांगणार काय? किराणा दुकानात पोत्यात आहे? म्हणून बायकांच्याच नावानं लावू. ताराबाई एक. दुसरी कोण?

एकेकीला घरातलं काम आठवलं. मला त्यांचं नवल वाटलं नाही. प्रत्येकीचा नवरा घरात होता, आणि पोलिसांचं नाव काढल्यावर कुणाचा नवरा हो म्हणेल? उषाबाई तयार होती, पण तिच्या मुलानं तिला सही करू देणार नाही म्हणून आधीच बजावलं होतं.

आमचे हे दाराला टेकून उभे होते. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "मंदाचं नाव लावा."

मी म्हटलं, "अहो, माझी कानबाई नाही!"

"गाणी म्हणायला जातेस ना दरवर्षी? नैवेद्याच्या रोटाचं दळण करू लागतेस ना? मग लाव नाव."

असं होऊन हिंगोलीची मी कानबाईच्या दाव्यात दोन नंबरची वादी झाले.

कोर्टाचा दिवस म्हणजे आमची नागपंचमी. गुजरात्यांची नागपाचम वद्यात, पंधरा दिवस पुढं, त्यामुळं कोर्ट चालू. आम्ही दहाबारा जणी नव्या साड्या नेसून, हातावर मेंदी, दोन रिक्षांत भरून अठवालाइन्सला पोचलो. कोर्टाच्या दारातला शिपाई म्हणाला, "बहेन, लग्ननी नोंधणी पेली बाजू." प्राजक्ता काळा कोट घालून आली तेव्हा जरा मोठी दिसली. तिनं मला सांगितलं, "माझं स्वतःचं हे पहिलंच काम आहे. सर म्हणाले, नारळाचा खटला आहे, तूच चालव."

"मग तुम्हाला भीती वाटते का?"

"खूप," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मला तर लघवीला लागलीय," मी म्हटलं. दोघी हसलो.

न्यायाधीश वयस्कर होते, डोळे अर्धे मिटलेले. आमच्या आधीचं काम भिंतीच्या वादाचं होतं, ते ऐकताना ते झोपलेत की काय असं वाटलं. आमचा पुकारा झाला. प्राजक्ता उठली. पहिलं वाक्य अडखळत बोलली, दुसरं बरं, आणि मग जी सुटली ती सुटली. गुजरातीत बोलत होती, सगळं कळत होतं. दावा घ्यायची परवानगी न्यायाधीशांनी दिली. मग त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "अर्ज का नाकारला?"

सरकारी वकिलांना फाइल त्याच सकाळी मिळाली असावी. त्यांनी पान उलटून वाचलं, "नामदार, अर्जदार कानबाई नावाच्या बाई आहेत. त्यांना बोलावलं, त्या आल्या नाहीत."

न्यायाधीशांचे डोळे उघडले. "या दोघींपैकी कानबाई कोण?"

"यांच्यापैकी नाही, नामदार. कानबाई अजूनही गैरहजर आहेत."

मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली. मी ताराबाईला चिमटा काढला, कारण हसण्यानं एकदा घात झालेला होता. पण उषाबाईला कोण आवरणार? ती उभीच राहिली. "ती नारळ शे, बापू!" ती मोठ्यानं म्हणाली. मग तिला वाटलं, बापूला कळलं नसेल. "नारियेल छे, साहेब! देवी छे!"

शिपाई तिला बसवायला धावला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं आणि उषाबाईला विचारलं, "किती वर्षांपासून करता?"

"मी सून बनी उनू तवपासून. मनी सासू करे, तिनी सासू करे."

प्राजक्तानं ते गुजरातीत सांगायला तोंड उघडलं, पण तिलाच अहिराणी अर्धी कळली होती. ताराबाईनं हळूच तिला सांगितलं, तिनं न्यायाधीशांना सांगितलं. न्यायाधीश सरकारी वकिलांकडं वळले. त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या, पण आवाज साधाच होता. "म्हणजे साहेबांनी नारळाला समन्स काढलं."

मग सगळं कोर्टच हसलं. भिंतीच्या वादातले दोन्ही भाऊसुद्धा, जे घटकेपूर्वी एकमेकांचा गळा धरायला उठले होते.

सरकारी वकील चांगले होते. तेही हसले आणि मग सावरून म्हणाले, "नामदार, ते कारण जाऊ द्या. दुसरंही कारण आहे. वर धरणातून पाणी सोडलंय, तापी भरून वाहतेय. आणि सोमवारी सकाळी रिंग रोडला कापड मार्केटची गर्दी. एवढ्या बायका आणि मुलं, काही झालं तर?"

आणि ते खरं होतं.

पण न्यायाधीश म्हणाले, "हुकमात हे लिहिलंय?"

"नाही, नामदार."

"मग आज मला का सांगता? ज्यांचा अर्ज होता त्यांना सांगायला हवं होतं. त्यांच्याकडं काही उत्तर असेल, नसेल. तुम्ही विचारलं तरच कळणार ना?"

त्यांनी तिथंच लिहून घ्यायला सांगितलं. जुना हुकूम रद्द. साहेबांनी उद्या सकाळी या बायकांना समोर बसवून त्यांचं म्हणणं ऐकावं, आणि संध्याकाळच्या आत कारणांसह नवा निर्णय द्यावा.

बाहेर येताच प्राजक्तानं आनंदानं उडीच मारली. आमची ताराबाई मात्र तशीच उभी. "पण परवानगी?"

"ती साहेबच देतील. किंवा नाही देणार."

"मग आपण जिंकलो काय?" ताराबाईचा आवाज चढला. "परत त्याच माणसाच्या दारात जायचं? न्यायाधीशांनीच हो म्हटलं असतं तर?"

"परवानगी देणं हे न्यायाधीशांचं काम नाही, ताराबाई. कोणता रस्ता मोकळा, नदीला किती पाणी, हे त्यांना कसं माहीत असणार? नीट ऐकून, विचार करून ठरवा, एवढंच ते साहेबांना सांगू शकतात. तुम्हीच म्हणाला होतात ना, कारण धड सांगा म्हणून? उद्या सांगतील. आणि तुम्हीही सांगा."

ताराबाईनं हुं केलं. घरी आल्यावर मात्र तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, "सरकारी वकील म्हणाला ते खोटं नाही. नदी भरलीय. आता आपण काय उत्तर देणार ते ठरवा." आणि बळीराम, जो आठ दिवस केस केस म्हणून कपाळ धरून बसला होता, तोच पहिल्यांदा बोलला. त्याचा मित्र चिंधा घाटाजवळ होडी चालवायचा. बळीराम म्हणाला, "मी चिंधाला विचारून येतो, पाणी किती पायऱ्यांपर्यंत आलंय." आणि चप्पल घालून निघालासुद्धा.

शनिवारी सकाळी पाठकसाहेबांच्या खोलीत आम्ही पाच जणी आणि प्राजक्ता. पहिल्यांदा खुर्च्या मिळाल्या. साहेबांसमोर कोर्टाचा कागद होता. ते कडक आवाजात म्हणाले, "बोला. कोर्टानं तुमचं ऐकायला सांगितलंय. ऐकतो."

आठ दिवस जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता, ती ताराबाई टेबलाच्या काचेकडं बघत बसली. पंखा फिरत होता. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावला.

ती हळूच बोलायला लागली. गुजराती, हिंदी, मराठी, जे सुचेल ते. "साहेब, आम्ही दिवसभर घरात लेस लावतो. रस्ता आम्हाला बाजारापुरता. गावाकडं वर्षातून एकदा सगळ्या बाया मिळून नदीवर जायच्या. सासू, सून, जावा, भांडण असलं तरी. आंघोळ करायची, फुगड्या खेळायच्या. इथं आल्यापासून प्रत्येकजणी एकेकटी वाकून टपात नारळ सोडते. मला आधी वाटायचं, देवीला वाईट वाटत असेल. आता वाटतं, देवीचं काय, आम्हालाच वाईट वाटतं."

साहेबांनी आता घड्याळाकडं बघितलं नाही. म्हणाले, "तापीच का पण? जवळ तलाव आहे, तिथं सोय करतो."

"तापी आमच्याकडूनच येते ना, साहेब," ताराबाई म्हणाली. "आमचं गाव तिच्याच काठाला. ती भुसावळवरून इथपर्यंत येते, तिला कुणी परवानगी विचारत नाही. आम्ही तिच्याच मागं आलो."

पाठकसाहेबांना हसू आवरेना. कपाळावरच्या आठ्या गेल्या की माणूस किती वेगळा दिसतो! त्यांनी बेल दाबून चहा मागवला आणि आपणहून म्हणाले, "ते हजर-गैरहजरचं जे झालं... खालून कागद आला, मी सही केली. दिवसाला शंभर कागद येतात. वाचायला हवा होता."

मग खरं बोलणं सुरू झालं. साहेबांनी शहराचा नकाशा पसरला. रिंग रोडवर टेम्पोंची रांग कधी लागते ते दाखवलं. ताराबाई म्हणाली, मग आम्ही उजाडताच निघू, मार्केट उघडायच्या आत पलीकडं. साहेब म्हणाले, इस्पितळासमोर बँड बंद. उषाबाई म्हणाली, तिथं आम्ही तोंडानंही गाणार नाही. पाण्याचं काय? बळीरामनं आणलेली माहिती ताराबाईनं सांगितली. वरच्या पायऱ्या मोकळ्या आहेत, खालच्या बुडाल्यात. पाण्यात आम्ही कुणीच उतरणार नाही, सगळ्या कानबाया चिंधाच्या होडीत ठेवू, तो पुढं नेऊन सोडेल. साहेबांनी विचार केला. "होडी एक नाही, दोन. आणि मुलं घाटाच्या कठड्याच्या अलीकडं. माझी माणसं दोर बांधतील."

"दोर कशाला?" उषाबाईनं विचारलं.

"आजी, तुम्हाला धरून ठेवायला," साहेब म्हणाले.

उषाबाईला आपली स्वतः पाण्यात जायची इच्छा सोडावी लागली, त्याचं तिला वाईट वाटलं. पण ती उठताना म्हणाली, "बेटा, रविवारे दर्शनले ये. तुले तिले दखानीच व्हती ना?" तिला बघायचीच होती ना तुला, असं ती म्हणाली, ते साहेबांना कळलं नाही. प्राजक्तानंही भाषांतर केलं नाही.

हुकूम संध्याकाळी आला. दीड पान. एकेक कारण, एकेक अट. शीतलनं गल्लीत उभं राहून तो वाचला आणि प्रत्येक अटीला बायका 'हो' म्हणत होत्या, जणू साहेब समोर आहेत.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला आमची गल्ली बाहेर पडली. शेजारच्या लिंबायतच्याही बायका येऊन मिळाल्या, त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. डोक्यावर पाट, पाटावर कानबाई, नथी हलताहेत. बँडवाल्यांना खानदेशी चाली येत नव्हत्या, ते हिंदी गाणी वाजवत होते आणि उषाबाई त्यावरच आपली अहिराणी गाणी बसवत होती. बरोबर दोन महिला पोलीस दिल्या होत्या. एक जरा लाजत होती, तिला ताराबाईनं हाताला धरून फुगडीत ओढलं. टोपी उडून गटाराकडं चालली ती बळीरामनं पळत जाऊन धरली. प्राजक्ता आणि मंगलाबाई घाटावर येऊन थांबल्या होत्या. इस्पितळासमोरून आम्ही इतक्या गुपचूप गेलो, की खिडकीत उभा असलेला एक रोगी ओरडला, "अरे, बँड वगाडो ने!"

घाटावर पाणी लालसर, भरलेलं, जोरात. होड्या सुटल्या. एकेक कानबाई चिंधानं वाकून पाण्यात सोडली. बायका कठड्याला ओळीनं उभ्या. कुणी हात जोडले, कुणी रडलं. ताराबाई रडली नाही. ती नारळ दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली, आणि मग तिनं कठड्यावरूनच चिंधाकडून ओंजळभर पाणी मागून घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

परत फिरलो तेव्हा सगळ्यांना एकदम भूक लागल्याचं कळलं. आदल्या दिवसाचा उपास, रात्रभराचं जागरण, पहाटेपासून चाललेलो. घाटाच्या वर एका गाडीवाल्यानं नुकतंच खमण मांडलं होतं, गरम वाफ येत होती. आम्ही थांबलो, पण पुढं कुणी होईना. आमच्यातल्या कितीतरी जणींनी सुरतेत इतकी वर्षं काढून रस्त्यावर उभं राहून काही खाल्लेलं नव्हतं.

"विसर्जन झायं, उपास सुटना. आते खा," उषाबाईनं जाहीर केलं.

मग काय! गाडीवाल्याला एवढ्या बायका कुठून आल्या कळेना. तो कापतोय, शेव टाकतोय, मिरची देतोय. बशा कमी पडल्या तर वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर घेतलं. प्राजक्ताला अकरा वाजता कोर्टात जायचं होतं, तीही साडीचा काठ सावरत उभ्यानं खात होती आणि मंगलाबाई तिला 'सावकाश' म्हणत होत्या. ती टोपीवाली पोलीस बाईसुद्धा खात होती. ताराबाईनं पहिला कागद चाटूनपुसून संपवला, माझ्या हातातला एक तुकडा उचलला, आणि रिकामा कागद गाडीवाल्यापुढं करून म्हणाली,

"भाई, बीजू आपो. अने शेव वधारे!"